भुयारी विरुद्ध कॅप्टन झुळूक

आमचे हे मुद्दाम हरतात, हे जगात मला एकटीलाच माहीत आहे. धाकट्या भावजींनाही असेल थोडंफार ठाऊक, पण ते कातर हातात घेतली की कानात बोळे घातल्यासारखे असतात, त्यांचं सोडा. बाहेर कुणाला सांगायला जावं तर लोक मलाच वेड्यात काढतील. ह्यांच्याशी पैशांवरून घासाघीस करायला गिऱ्हाईक धजत नाही, धाकटा भाऊ तोंड वर करून बोलत नाही, आणि असा माणूस पोरीसमोर हरायला टपून बसतो, हे कोण खरं मानेल?

आमचं पुढं सलून आणि मागं घर, मध्ये एक पडदा. दुकानात दोन खुर्च्या, आरशाजवळची ह्यांची आणि दाराजवळची भावजींची. भिंतभर आरसा, त्याखाली फळी, फळीवर कातरी, मशीन, वस्तरा, तुरटीचा खडा, पावडरचा डबा. समोर गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि बाकाखाली चित्रकथांची ही थोरली चळत. पोरं केस कापताना वळवळतात, म्हणून माझ्या सासऱ्यांनी त्या आणायला सुरुवात केली. पोरं किती वाचायची देव जाणे. सासऱ्यांचा थोरला मुलगा मात्र त्यातच वाढला, आणि पुढं माझ्या पदरात पडला.

त्या चित्रकथांमधला ह्यांचा लाडका म्हणजे भुयारी. खाणीत काम करणारा माणूस. जमीन त्याला वाट देते. इथं मातीत शिरला की तिथं वर येतो, आणि पाय मातीला टेकलेला असेल तोवर त्याला कुणी हात लावू शकत नाही. पाय उचलला की मग तुमच्याआमच्यासारखाच, गुडघेदुखीसकट. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, माणूस गंभीर आहे, कमी बोलतो. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला भुयारीचा धरणाचा अंक वाचायला दिला. मी त्यावर कांदे निवडले. पुन्हा काही ह्यांनी दिला नाही.

मग आमची टिचकी झाली. नाव वेगळं आहे, पण घरात टिचकीच. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि तेव्हापासूनच फट्‌दिशी बोलायची. शाळेतून आली की दप्तर पडद्याच्या आत भिरकावायचं आणि दुकानात पळायचं. लहान पोरांचे केस कापताना खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतात ना, ती टाकून घ्यायची आणि वर चढून बसायची. गिऱ्हाईक आलं तर खाली बाकावर. ती पहिलीत असताना टीव्हीवर एक कार्टून लागायचं, कॅप्टन झुळूक. वाऱ्यावर चालणारी पोरगी, हाताखाली ढगांचं सैन्य. जमिनीला पाय लावायचा नाही अशी तिची शपथ. फक्त हसायची चोरी. हसली की हवेतून खाली पडायची. टिचकीचा तिच्यावर एवढा जीव की शेजारचे काका विनोद सांगायला लागले तर ही ओठ दाबून बसायची.

एका दुपारी दाढी करता करता हे म्हणाले, "तुझी झुळूक आणि माझा भुयारी समोरासमोर आले तर?" टिचकी म्हणाली, "झुळूक उचलून नेईल त्याला. पाय सुटले की संपला तुमचा भुयारी." हे म्हणाले, "उचलायला तिला खाली यावं लागेल." टिचकी म्हणाली, "वाऱ्यानं उचलेल." खुर्चीतला माणूस तोंडाला फेस लावून या दोघांकडे बघत राहिला. तिथून जे सुरू झालं ते पोरगी परदेशी गेली तरी थांबलं नाही.

काय काय वाद असायचे म्हणून सांगू. झुळूक झोपते कुठं? झोपताना तरी पाय टेकणार ना? टिचकी म्हणायची, ती दोरीवर झोपते, कार्टूनमध्ये दाखवलंय. हे म्हणायचे, दोरी कशाला बांधलीय? खांबाला. खांब कशात रोवलाय? मातीत. झालं, भुयारी खांबातून वर येणार. टिचकी म्हणायची, खांब लोखंडी आहे, लोखंडातून भुयारीला जाता येत नाही, रुळांच्या अंकात त्याचं डोकं आपटलं होतं. मग हे म्हणायचे, बरं, भुयारी तिला हसवेल. त्यावर टिचकीनं असा हात झटकला होता की बाकावरच्या पोस्टमननं टाळी वाजवली. "भुयारी हसवेल? आजवरच्या एका तरी अंकात तो स्वतः हसलाय का?"

निकाल द्यायचा खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं. गळ्याभोवती चादर बांधलेला माणूस कुठं पळून जाणार. पण गिऱ्हाइकं सगळी ह्यांच्याच बाजूनं बोलायची. टिचकीनं एकदा भर दुकानात सांगितलं, "गळ्याशी वस्तरा असताना दिलेला निकाल मी मानणार नाही." तेव्हापासून वस्तरा खाली ठेवून, चादर झटकायच्या आधी निकाल घ्यायचा असं ठरलं. दुसरा नियम म्हणजे मनचं काही सांगायचं नाही. अंकात छापलंय आणि पडद्यावर दाखवलंय तेवढंच खरं. चुकीचं सांगताना पकडलं गेलं की तो डाव पकडणाऱ्याचा.

आणि इथंच ह्यांची खोड होती. हे मुद्दाम चुकायचे.

मला आधी कळलंच नव्हतं. मी पडद्याआड भाजी चिरत असायची. हे म्हणायचे, "धरणाच्या अंकात भुयारी तळ्यातून पोहत पलीकडं गेला, तसा इथं येईल." की टिचकी बाकाखाली घुसलीच. चळत उपसून तो अंक काढायची, चित्रावर बोट ठेवायची. "पोहत नाही गेला. भिंतीतून गेला. पाण्यात त्याला काही जमत नाही." हे कपाळाला हात लावायचे. "पकडलंस गं." मला वाटलं, ह्यांना विसरायला व्हायला लागलं की काय. तो धरणाचा अंक ह्यांना तोंडपाठ होता, कांद्याच्या डागांसकट. मी विचारलं तर पडद्याआड येऊन हळूच म्हणाले, "अगं, चूक टाकावी लागते. नुसतं बरोबर बोललो तर ती ऐकून घेईल आणि जाईल खेळायला. चुकलो तर भांडेल. पकडल्यावर तिचा चेहरा बघितलास का?"

बघितला होता की. हनुवटी वर, नाक फुगलेलं, सगळं जग खिशात घातल्यासारखं. मी म्हटलं, "पोरीला भांडकुदळ करून ठेवताय." हे म्हणाले, "होऊ दे." मी माझ्या कामाला लागले. मला त्या भांडणात कुणी कधी बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. भुयारी जिंको नाहीतर झुळूक, भांडी मलाच घासायची होती. पण खरं सांगते, त्या गोंगाटाची मला इतकी सवय झाली होती की टिचकी आजारी पडून आत झोपली की दुकान कसंनुसं वाटायचं आणि मीच ह्यांच्यावर चिडचिड करायची.

पोरगी भांडत भांडत मोठी झाली, शिकली, आणि तिला नोकरी लागली ती कुठली म्हणाल, तर चुका पकडायची. कॉम्प्युटरचं काहीतरी बनवतात, ते बाजारात जायच्या आधी हिच्यासमोर ठेवतात, आणि ही त्यात कुठं काय फसलंय ते शोधून काढते. त्याचा पगार मिळतो. मी भावजींना म्हटलं, "बघा, इथं फुकट करत होती." ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले आणि गिऱ्हाइकाच्या कल्ल्यावर खाच पडली.

मग कंपनीनं तिला दूर पाठवलं, विमानानं जावं लागतं इतकं दूर. रविवारी फोन यायचा. पहिली एक-दोन वर्षं फोनवरही तेच. हे मोबाईल कानाशी धरून आरशासमोर हातवारे करत उभे, आणि तिकडून हिचा आवाज एवढा की पडद्याआड मला ऐकू यावा. मला काय मिळायचं? शेवटी दोन मिनिटं. "आई, जेवलीस का? तब्येत बरी आहे ना?" बरी आहे बाई, ठेव.

बिनसलं ते ह्यांच्या चक्करेपासून. उन्हाळ्यात एका सकाळी काही न खाता दुकान उघडलं, गिऱ्हाइकांची रांग लागली, आणि हे फळीला धरून खाली बसले. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, पोटात काही नव्हतं म्हणून झालं. मला म्हणाले, ह्यांना सकाळी खायला घालत चला. जशी काही मीच उपाशी ठेवत होते. पण भावजींनी मोठेपणानं टिचकीला फोन केला, आणि तिनं तिकडं बसून काय काय वाचलं कोण जाणे. त्या दिवसापासून तिचा आवाज बदलला. "बाबा, गोळ्या घेतल्यात का? बाबा, जास्त वेळ उभे राहू नका." ह्यांनी नेहमीसारखी चूक टाकली, "भुयारीनं त्या किल्ल्याच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन..." आणि पलीकडून आलं, "हो बाबा."

हे मोबाईलकडे बघत राहिले. मला म्हणाले, "कामात असेल. लक्ष नव्हतं तिचं." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "हो बाबा. तुम्ही झोपता ना वेळेवर?" हे नीट झोपत नव्हते ते याच फोनमुळं, पण ते तिला कोण सांगणार. माणसाची रया गेली हो. गिऱ्हाइकं विचारायची, काय म्हणते तुमची झुळूक? हे म्हणायचे, मजेत आहे. आणि कातर चालत राहायची.

तेवढ्यात तिनं कळवलं, आठ दिवसांची रजा काढून येते. ह्यांच्या अंगात वारं शिरलं. बाकाखालची चळत बाहेर काढली, एकेक अंक फडक्यानं पुसला, आणि रिकामा वेळ मिळाला की वाचत बसायला लागले. मी म्हटलं, "परीक्षा आहे का?" हे म्हणाले, "फोनवर तिला मजा येत नसेल. समोर आली की बघ. चुका काढून ठेवल्यात, एकापेक्षा एक. आधी बारीक टाकायची, मग जरा मोठी." हे सांगताना ह्यांचा चेहरा असा होता की मला बाजूला जाऊन डोळे पुसावे लागले.

टिचकी आली. केस बारीक कापलेले, चष्मा, हातात बापासाठी रक्तदाब मोजायचं यंत्र. आल्या आल्या बापाच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब चांगला निघाला तरी हिचा चेहरा काही उजळला नाही.

दुसऱ्या दिवशी हे आरशासमोर भावजींचे केस कापत होते आणि ती बाकावर बसली होती. मी पडद्याआड. ह्यांनी बारीक चूक टाकली. भुयारीच्या टोपीवरचा दिवा हिरवा होता म्हणाले. तो पिवळा होता, हे मलासुद्धा माहीत आहे. टिचकी म्हणाली, "हो ना." ह्यांनी तिसऱ्या दिवशी जरा मोठी टाकली, झुळुकेला तीन बहिणी होत्या म्हणाले. ती एकुलती एक. टिचकी म्हणाली, "असतील." चौथ्या दिवशी ह्यांचा धीर सुटला. वस्तरा पुसता पुसता म्हणाले, "आणि भुयारी उडाला की गं त्या शेवटच्या अंकात." उडाला! ज्याचा जन्म मातीला पाय लावून गेला तो उडाला. भावजींची कातर थांबली. माझी विळीही थांबली. टिचकी उठली, बापाचा हात हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हो बाबा. उडायचा तो. छान उडायचा."

ह्यांनी हात सोडवून घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चादर बांधली.

ती मागं माझ्याकडं आली. पडदा नीट ओढून घेतला. "आई, खरं सांग. बाबांना हे कधीपासून होतंय?"

"काय होतंय?"

"आठवत नाही त्यांना. भुयारीसुद्धा आठवत नाही. मला फोनवरच कळलं होतं, म्हणून तर आले. बाबा म्हणजे... आई, मी आज जी काही आहे ना, ती त्यांच्या चुका पकडून झाले. मला आता सगळ्यांच्या वरची जागा दिली ऑफिसात, तेव्हा सगळ्यांसमोर बोलायला लावलं. मी हेच सांगितलं. म्हटलं, माझे वडील केस कापतात, भारी हुशार माणूस आहे, आणि मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांना पुराव्यासकट हरवत आलेय. मला कुणाची भीती वाटत नाही ती त्यामुळं." आणि ती रडायला लागली. एवढी मोठी बाई, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून.

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. म्हणणार होते, अगं वेडे, त्यांना सगळं पाठ आहे, ते तुझ्यासाठी चुकतायत. पण मग पुढचं पण सांगावं लागलं असतं, की तेव्हाही तुझ्यासाठीच चुकत होते. मी तिला पाणी दिलं आणि जाऊन ह्यांना गाठलं. दुपारचं दुकान रिकामं होतं, टिचकी आत पडली होती, भावजी जेवायला गेले होते. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. ऑफिसातलं भाषणही सांगितलं.

हे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होते. आधी हसले. म्हणाले, "म्हणजे मी म्हातारचळलो असं वाटतंय तिला?"

"मग काय वाटेल? उडवलात ना त्याला?"

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही म्हणाले. तुम्हीच सांगून टाका. म्हणावं, मुद्दाम चुकत होतो."

ह्यांचं हसू गेलं. "आणि ती विचारेल, आधीपण मुद्दामच का? मग काय सांगू? सगळ्यांसमोर सांगितलंय तिनं. ते परत मागून घेऊ तिच्याकडून?"

"मग चुकू तरी नका. बरोबर बोला. बरोबर बोलून भांडा."

हे पटलं ह्यांना. दुसऱ्या दिवशी हे असे काही बोलले की काय सांगू. रुळांचा अंक, दोरी, खांब, लोखंड, एकही वाकडा शब्द नाही असं वाटावं. झुळुकेला कोंडीत पकडून दाखवली. पोस्टमन खुर्चीत होता, त्याची मान चादरीतून वर आली. आणि आमची लेक टाळ्या वाजवायला लागली. लहान पोरानं कविता म्हटली की वाजवतात तशा. "वा बाबा! सगळं आठवलं तुम्हाला! अगदी बरोबर." चुकले तरी हो, बरोबर बोलले तरी हो. ह्यांनी माझ्याकडं, म्हणजे पडद्याकडं पाहिलं. आता काय करू, असं ते बघणं होतं.

मला काय झालं कोण जाणे. इतक्या वर्षांत मी त्या पडद्याबाहेर भांडायला गेले नव्हते. फट्‌दिशी बाजूला सारला आणि बाहेर आले. "काय बरोबर? अहो, खांबातून वर येणार म्हणे. दोरी कुठं बांधली होती ते तरी बघा. खांबाची दोरी जहाजाच्या भागात तुटली आणि मग झुळुकेनं ती दोन ढगांना बांधली, स्पष्ट दाखवलंय. खांब आला कुठून?"

भावजींनी कातर खाली ठेवली. ते म्हणाले, "वहिनी?"

"वहिनी काय वहिनी. मी बहिरी आहे का? पडद्याला भोकं आहेत."

आणि आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. डोळे मिचकावले, ओठाचा एक कोपरा वर गेला, आणि म्हणाले, "पकडलंस गं."

खांबाचं ते सोंग ह्यांनी मुद्दामच घेतलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बरोबर बोलता बोलताही एक चूक टाकून ठेवली होती, सवयीनं म्हणा, आशेनं म्हणा. ती माझ्या वाट्याला आली. लाज वाटते सांगायला, पण मला इतकं बरं वाटलं. माझीही हनुवटी वर गेली असणार.

टिचकी मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. ती बापाकडं बघत होती. ते कपाळावर हात मारणं, तो ओठाचा कोपरा, ते "पकडलंस गं". तिनं ते शेकडो वेळा बघितलं होतं, पण स्वतः जिंकत असताना. बाजूला उभं राहून आज पहिल्यांदा बघितलं. चूक शोधायचाच तिचा धंदा. मला तिच्या तोंडावरच दिसलं, सापडली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता मुद्दाम चुकलात."

पोस्टमन म्हणाला, "माझा निकाल आज मागू नका." कुणी मागितलाच नव्हता.

"बाबा, तुम्ही आधीपण मुद्दाम चुकायचात? मी लहान असताना?"

मी ह्यांच्याकडं बघत होते. माणसाला हवं ते समोर ताटात वाढून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं. हो म्हटलं की पोरीला कळलं असतं, बापाचं डोकं शाबूत आहे, आणि रागानं का होईना ती तुटून पडली असती, रविवारचे फोन पुन्हा दणाणले असते. हे इतके दिवस दुसऱ्या कशासाठी झुरत होते?

ह्यांनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला. म्हणाले, "छे गं. मुद्दाम कशाला चुकेन? तेव्हा तू पकडायचीस, मी खरंच अडकायचो. भारी होतीस तू. आता वय झालं, आता काही लक्षात राहत नाही. तू मघाशी टाळ्या वाजवल्यास ना, तेव्हा मला वाटलं, चला, आज तरी सगळं आठवलं. तर तुझ्या आईनं ही अशी वाट लावली."

आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पडद्याकडं मागं सरकले. टिचकीचे खांदे सैल झाले. जवळ येऊन बापाच्या शर्टावर पडलेले केस झटकत म्हणाली, "असू दे बाबा. कुणाला सगळं आठवतं?" ह्यांनी झटकू दिले.

रात्रीचं जेवण झाल्यावर ओट्यापाशी मी ह्यांना सोडलं नाही. म्हटलं, खोटं बोललात, तेही पोरीशी, तेही दुकानात, तुमच्याच नियमाविरुद्ध. हे ताटं पुसत होते. म्हणाले, "अगं, ती तिथं परक्या लोकांत उभी राहते. एकटी. उद्या तिला काही सापडेल आणि तिच्या मनात येईल, हे मला खरंच सापडलंय की कुणी ठेवलंय? मग तिनं काय करायचं?" मला राग आला होता तो तसाच राहिला, आणि अजून आहे. तिच्यावर नाही, ह्यांच्यावरही नाही. कुणावर ते मला अजून ठरवता आलं नाही.

ती गेली. जाताना मला बाजूला घेऊन गोळ्यांच्या वेळा समजावल्या, बाबांना एकटं रस्ता ओलांडू देऊ नकोस म्हणाली. मी हो हो म्हटलं.

हे आता दुकानात माझ्याशी भांडतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पडद्याकडं तोंड करून काहीतरी फेकतात, आणि मी हातातलं काम टाकून जाते. मी पकडते, हे कपाळाला हात लावतात. मी भुयारीचे अंकसुद्धा वाचायला लागले आहे, धरणाचा सोडून. मजा येते, नाही म्हणणार नाही. पण मला ठाऊक आहे, मी बदली कारागीर आहे. भांडता भांडता ह्यांची नजर त्या रिकाम्या बाकावर जाते, ते मला आरशात दिसतं.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा मी आत होते. ह्यांचा आवाज बराच वेळ येत होता, जुन्यासारखा, चढा. झुळुकेनं शपथ मोडून पाय टेकला तर काय, यावर हे तिला घेरत होते. मी मनात म्हटलं, चला, जमलं वाटतं. आवाज अचानक थांबला. मी हात पुसत पडदा सारून बाहेर आले. हे आपल्या खुर्चीमागं उभे नव्हते, गिऱ्हाइकासारखे खुर्चीत बसले होते, मोबाईल मांडीवर.

"काय झालं? काय म्हणाली?"

ह्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"मी जिंकलो म्हणाली."